सेवा घरची, हिशेब कोणाचा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेतील दोन मुख्यमंत्र्यांनी काही दिवसांच्या अंतराने केलेल्या विधानांनी राजधानीत बरीच खळबळ उडवली. आंध्र प्रदेशचे चंद्राबाबू नायडू यांनी राज्याचे सरासरी वय वाढत चालल्याचे सांगून कुटुंबांनी अधिक अपत्यांचा विचार करावा, असे आवाहन केले. त्याच सुमारास चेन्नईतील एका सामुदायिक विवाह सोहळ्यात एम. के. स्टालिन यांनी सोळा संपदांच्या जुन्या तमिळ आशीर्वादाचा दाखला दिला आणि लोकसभेतील जागा घटणार असतील तर सोळा अपत्येच का असू नयेत, असा उपरोधिक सूर लावला. दिल्लीत या विधानांचा अर्थ मतदारसंघ पुनर्रचनेच्या चौकटीत लावला गेला. २२ मार्च २०२५ रोजी चेन्नईत विविध राज्यांच्या नेत्यांची बैठक झाल्यानंतर तर ही चर्चा पूर्णपणे जागांच्या गणितावर स्थिरावली.

या गदारोळात एक प्रश्न मात्र बाजूला पडला. ज्या राज्याने लोकसंख्या आटोक्यात ठेवली, त्या राज्यात आज म्हाताऱ्या माणसांना अंघोळ कोण घालते, औषधाची वेळ कोण सांभाळते, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची कूस दर दोन तासांनी कोण बदलते? या प्रश्नाचे उत्तर लोकसभेच्या जागांइतकेच राजकीय आहे. ते दिवाणखान्याच्या मागच्या खोलीत दडलेले असल्यामुळे कोणाच्याही जाहीरनाम्यात पुरेसे उतरत नाही, इतकेच.

आकड्यांतले म्हातारपण

२०११ च्या जनगणनेनुसार तमिळनाडूत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्के होते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये ते १३.६ टक्के झाले आणि २०३१ मध्ये १८.२ टक्क्यांवर जाईल. देशाचे हेच आकडे २०२१ साठी १०.१ आणि २०३१ साठी १३.१ टक्के आहेत. मोठ्या राज्यांत केवळ केरळ तमिळनाडूच्या पुढे आहे. महाराष्ट्र २०२१ मध्ये पावणेबारा टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे चेन्नईत आज दिसते ते पुण्या-नागपुरात फार तर एका दशकाच्या अंतराने दिसणार आहे.

दुसऱ्या बाजूला नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकडेवारीत तमिळनाडूचा एकूण प्रजनन दर १.४ इतका खाली आला होता. या दोन आकड्यांच्या मध्ये घराचे सारे गणित उभे आहे. ज्या आजीच्या आजारपणात पूर्वी चार मुली आणि तीन सुना पाळीपाळीने बसत, त्या आजीच्या मुलीला आज एक मुलगा आहे आणि तोही बहुधा बंगळुरूत, सिंगापूरला किंवा अमेरिकेत आहे. मैलापूर, अड्यार, तिरुवान्मियूर या भागांतील कित्येक इमारतींत केवळ वृद्ध दांपत्ये राहतात. या दांपत्यांत सत्तरीची पत्नी ही अठ्ठ्याहत्तरीच्या पतीची परिचारिका असते. तिची पाळी येईल तेव्हा तिच्यासाठी कोण, याचे उत्तर घरात नसते.

आयुष्य वाढले, पण त्यासोबत दीर्घ आजारही वाढले. राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे मांडले आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही, त्याला माणूस लागतो. दिवसभर आणि अनेकदा रात्रभर. विमा शस्त्रक्रियेचा खर्च देतो, माणसाचा देत नाही. भारतीय आरोग्यव्यवस्थेतील ही सर्वांत मोठी पोकळी कुटुंबाने भरून काढली आहे.

बिनपगारी पाळी

कुटुंब म्हणजे कोण, हेही एकदा स्पष्ट व्हायला हवे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची देखभाल करताना आढळल्या. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटे देत होत्या, पुरुष ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. परंतु मूल मोठे होते आणि देखभाल हलकी होत जाते. वृद्धाच्या बाबतीत ती दर वर्षी जड होत जाते आणि केव्हा संपेल हे कोणी सांगू शकत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या १४० मिनिटांना स्थान नाही. शेतकऱ्याने घरच्यापुरते पिकवलेले धान्य उत्पन्नात मोजले जाते, घरच्या माणसाची केलेली सेवा मोजली जात नाही. त्याच वृद्धासाठी पगारी मदतनीस ठेवली, की तिचा पगार मात्र राष्ट्रीय उत्पन्नात जमा होतो. काम तेच, खोली तीच, रुग्ण तोच; फक्त सून करते तेव्हा शून्य आणि परकी बाई करते तेव्हा रुपये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये जगाचा हिशेब मांडला, तेव्हा बिनपगारी देखभालीमुळे श्रमबाजाराबाहेर राहिलेल्या स्त्रियांची संख्या ६० कोटी ६० लाख निघाली होती आणि पुरुषांची ४ कोटी १० लाख.

तमिळनाडूसाठी हा आकडा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, तो राज्याच्या औद्योगिक यशाच्या मुळाशी जातो. देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या एकूण स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तमिळनाडूत आहेत. चेन्नईच्या पश्चिमेला श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी करणाऱ्या तरुणी या यशाचा चेहरा मानल्या जातात. त्या आज विशीत आहेत. त्यांच्या चाळिशीत आईवडील आणि सासूसासरे असे चार वृद्ध त्यांच्या वाट्याला येतील, आणि वाटून घ्यायला भावंडे फारशी नसतील. त्या वेळी कारखान्याची पाळी आणि घरातली पाळी यांतली एक सोडावी लागली, तर कोणती सुटेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. स्त्रियांच्या श्रमावर उभे राहिलेले औद्योगिक प्रतिमान वृद्धत्वाच्या लाटेत टिकवायचे असेल, तर देखभालीची व्यवस्था हा कल्याणाचा विषय न राहता उद्योग धोरणाचा विषय होतो.

पगारी मदतीचा पर्यायही वाटतो तितका सरळ नाही. चेन्नईत घरपोच मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सींचे पेव फुटले आहे. पूर्णवेळ मदतनिसाचा महिन्याचा खर्च बहुसंख्य निवृत्तांच्या आवाक्याबाहेर जातो. एजन्सी त्यातून आपला वाटा कापते. प्रत्यक्ष काम करणारी बाई बहुधा दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून किंवा परराज्यातून आलेली असते, तिला प्रशिक्षण बेताचे आणि रजा नावापुरती. तिच्या स्वतःच्या गावी म्हातारी आई कोणाच्या भरवशावर आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणजे देखभालीचा भार नाहीसा होत नाही. तो शहरातल्या सुनेच्या खांद्यावरून खेड्यातल्या लेकीच्या खांद्यावर सरकतो.

कायद्याची काठी

राज्यकर्त्यांनी या प्रश्नाला दिलेले पहिले उत्तर कायद्याचे होते. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरणे आणली, निर्वाह खर्चासाठी मुलांविरुद्ध अर्ज करण्याची सोय केली, आणि देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने अट मोडल्यास परत घेण्याचा मार्ग खुला केला. मात्र निर्वाह खर्चावर महिना १० हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा काढणारे, जावई-सुनांनाही जबाबदार धरणारे आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सुचवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले.

न्यायालये मात्र पुढे गेली. मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, आईवडील प्रेमापोटी मालमत्ता बक्षीस देतात तेव्हा देखभालीची अट दस्तात लिहिलेली नसली तरी ती गृहीत धरावी. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावण्याची भूमिका घेतली होती.

प्रशासनही या बाबतीत मागे राहिले नाही. आसामने २०१७ च्या कायद्यान्वये आईवडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात करण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातील ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांना देण्याचा ठराव केला आणि २०२१ च्या सुरुवातीला तो अमलातही आणला.

या सर्व उपायांचे एक समान गृहीतक आहे. वृद्ध उपेक्षित राहतात ते मुले कृतघ्न असतात म्हणून, आणि कृतघ्नतेवर उपाय शिक्षा. कृतघ्न मुले आहेत, यात शंका नाही. आणि त्यांच्यापुढे हतबल झालेल्या आईबापांना कायद्याचा आधार हवाच. परंतु ज्या घरात मुलगा आणि सून दोघेही राबत आहेत, पगार तुटपुंजा आहे आणि वडिलांना पक्षाघाताने अंथरुणाला जखडले आहे, त्या घराला न्यायाधिकरण काय देणार? दक्षिण तमिळनाडूच्या काही जिल्ह्यांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे मरण घरातूनच ओढवून आणण्याची 'तलैकूत्तल' ही प्रथा २०१० च्या सुमारास वृत्तपत्रांतून पुढे आली, तेव्हा देश हादरला होता. त्या क्रौर्याचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि त्यातून एवढे तरी शिकायला हवे होते की, सेवेचा भार वाटून घेणारे कोणी नसते तिथे माया आटते, आणि माया आटल्यानंतर कायदा पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

चेन्नईचे प्रयोग

न्यायाने सांगायचे तर या प्रश्नावर सर्वांत आधी पावले टाकणाऱ्यांत चेन्नईचा क्रमांक वरचा आहे. १९६२ मध्येच या राज्याने निराधार वृद्धांसाठी २० रुपयांचे मासिक निवृत्तिवेतन सुरू केले होते. शहरातील सरकारी सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उघडला, तेव्हा 'वृद्धवैद्यक' हा शब्दही देशात रुळलेला नव्हता. त्याच वर्षी सावित्री वैती यांच्या पुढाकाराने निराधार वृद्धांसाठी 'विश्रांती' हा आश्रम उभा राहिला. १९९६ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात वृद्धवैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गिंडी येथे २०० खाटांच्या राष्ट्रीय वार्धक्य केंद्राचे उद्घाटन झाले. विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाचा आणि तो सांभाळणाऱ्या कुटुंबांवरील ताणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने भारतातील आपली शहरी पाहणी चेन्नईत आणि ग्रामीण पाहणी वेल्लोरला केली होती, हेही नोंदवण्याजोगे आहे.

घरापर्यंत जाणाऱ्या योजना त्यानंतर आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्' म्हणजे 'लोकांच्या शोधात वैद्यक' या योजनेने रक्तदाब-मधुमेहाची औषधे, फिजिओथेरपी आणि परिहार सेवा रुग्णाच्या दारात नेली. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृतिगटाने तिचा गौरव केला. २०२५ मध्ये सत्तरीपुढील वृद्धांच्या दारात शिधा पोहोचवणारी योजना चेन्नईतून सुरू झाली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वृद्धांसाठी दिवसभर चालणाऱ्या २५ 'अन्बुच्चोलै' केंद्रांची घोषणा झाली. सकाळी आजीला केंद्रावर सोडून कामावर जाता आले, तर एका घरातली एक नोकरी वाचते. या साध्या गोष्टीचे आर्थिक मोल कोणत्याही रोख अनुदानाहून कमी नाही.

राजकीयदृष्ट्या सर्वांत लक्षणीय पाऊल मात्र सप्टेंबर २०२३ मधील 'कलैञर मगळिर् उरिमैत् तोगै' हे म्हणावे लागेल. सुमारे एक कोटी सहा लाख कुटुंबप्रमुख स्त्रियांना महिना एक हजार रुपये देणाऱ्या या योजनेच्या नावातच 'उरिमै' म्हणजे हक्क हा शब्द आहे, आणि स्त्रीच्या बिनपगारी घरकामाची दखल हेच तिचे समर्थन म्हणून मांडले गेले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेची रक्कम दीड हजार रुपये आहे, पण तिचे नाव नात्याचे आहे. भाऊ देतो आणि बहीण घेते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ओवाळणी किती द्यायची हे देणारा ठरवतो. मजुरीचा दर मागता येतो. अर्थात हक्क म्हटला तरी हजार रुपयांत रात्रभर जागणाऱ्या बाईची मजुरी भागत नाही, हेही तितकेच खरे.

केंद्राचा हात या सगळ्यात अधिकच आखडता राहिला. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये इतकाच ठरला आणि २०१२ नंतरच्या तपभरात तो हलला नाही. तमिळनाडूने आपल्या तिजोरीतून भर घालून एकूण रक्कम २०११ मध्ये एक हजार आणि २०२३ मध्ये बाराशे रुपये केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच मिळाले, हे स्वागतार्ह पाऊल होते. पण ते रुग्णालयाच्या दारापाशी सुरू होऊन तिथेच संपते. घरी आणलेल्या रुग्णाची पुढची पाच वर्षे त्यात बसत नाहीत.

मराठी घरांचे दुहेरी अंतर

राजधानीतील आणि चेन्नईतील मराठी माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेले गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत सोने-चांदी गाळत पसरले, त्यात चेन्नईची साहुकारपेठही आली. त्यांची तरुण पिढी पेढीवर आणि म्हातारे आईवडील गावी, ही विभागणी दोन-तीन पिढ्यांची आहे. गावात बांधलेला बंगला आणि त्यात राहणारी दोन म्हातारी माणसे, हे त्या पट्ट्यातील स्थलांतराचे ओळखीचे चित्र आहे. पैसा वेळेवर पोहोचतो. पाठीला तेल लावणारा हात पोहोचत नाही.

सरकारी अधिकाऱ्याची अडचण निराळ्या प्रकारची आहे. बदलीच्या गावी आईवडिलांना न्यावे, तर भाषा, डॉक्टर आणि शेजार तिन्ही तुटतात. न न्यावे तर फोनवरचा आवाज रोज थोडा क्षीण होत जातो. केंद्रीय आरोग्य योजनेत अवलंबित आईवडिलांचा समावेश होतो, परंतु उत्पन्नमर्यादा ९ हजार रुपये आणि त्यावरील महागाईभत्ता इतकीच. वडिलांना स्वतःचे बरे निवृत्तिवेतन असेल तर ते अवलंबित ठरत नाहीत, मग त्यांना चमच्याने भरवावे का लागेना. महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. आईवडिलांसाठी अशी स्वतंत्र रजा आहे का, असा प्रश्न जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत आला, तेव्हा ३० दिवसांची अर्जित, २० दिवसांची अर्धवेतनी, ८ दिवसांची नैमित्तिक आणि २ दिवसांची मर्यादित रजा वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते, असे उत्तर मिळाले. म्हणजे होती तीच रजा, तिला एक कारण नव्याने सांगितले गेले. नियमावलीने मुलाचे बालपण ओळखले आहे, आईवडिलांचे म्हातारपण अद्याप ओळखलेले नाही.

हिशेबाची वही

जगाने या प्रश्नाची काही उत्तरे शोधली आहेत. जर्मनीने १९९५ मध्ये देखभाल विमा सक्तीचा केला. त्यात घरच्या घरी सेवा करणाऱ्या कुटुंबाला रोख रक्कम घेता येते आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या नावे निवृत्तिवेतनाचे हप्तेही भरले जातात. जपानने २००० मध्ये चाळिशीपासून वर्गणी घेऊन दीर्घकालीन देखभालीची सार्वजनिक व्यवस्था उभारली. ही श्रीमंत देशांची चैन आहे, असे म्हणून विषय मिटवण्याचा मोह होईल. परंतु शेजारच्या केरळने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी काळजी घेणाऱ्या व्यक्तीला 'आश्वासकिरणम्' योजनेतून मासिक मदत देण्यास सुरुवात केली. रक्कम किरकोळ असली, तरी लाभार्थी म्हणून रुग्णासोबत सेवा करणाऱ्याचे नाव सरकारी वहीत प्रथमच आले, हे तिचे महत्त्व.

तमिळ भूमीत मराठी माणसाने अशी वही पूर्वी ठेवली होती. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांनी, वाटसरू, आजारी आणि निराधार यांच्यासाठी चालवलेली छत्रे प्रसिद्ध आहेत; ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यातलेच. परक्या माणसाच्या जेवणाखाण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च राज्य उचलत होते आणि तो मोडी दप्तरात लिहून ठेवत होते. आजच्या राज्याकडे त्याहून मोठा खजिना आणि कितीतरी अधिक कारकून आहेत.

या पार्श्वभूमीवर पुढील पावले फार अवघड नाहीत. वेळ-वापर पाहणीत वृद्धांच्या देखभालीची वेगळी मोजणी, घरी सेवा करणाऱ्या व्यक्तीस भत्ता आणि तिच्या नावे निवृत्तिवेतनाची तजवीज, प्रत्येक प्रभागात दिवसभराचे केंद्र, मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि सरकारी सेवेत आईवडिलांसाठी स्वतंत्र रजा, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. वित्त आयोगाने लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या कामगिरीला गुण देण्याची पद्धत स्वीकारलीच आहे. त्या कामगिरीचा पुढचा अटळ परिणाम म्हणजे म्हातारपण, आणि त्याचा खर्च मात्र राज्यांनी, किंबहुना त्या राज्यांतील घरांनी, एकट्याने सोसावा, हे न्यायाचे म्हणता येणार नाही.

दक्षिणेच्या जागा किती घटतील, हा वाद पुढेही रंगत राहील. तो वाद संपण्याची वाट मैलापूरच्या गल्लीतली सत्तरीची बाई पाहू शकत नाही. रात्री दोन वाजता पतीची कूस बदलण्यासाठी तिला आजही उठायचे आहे, आणि तिच्या या कष्टाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात नाही.